पाच पायऱ्यांची नदी

परळ आणि लालबागच्या मधे, गिरण्यांच्या मागच्या अंगाला एक चाळ होती. तिला सगळे वळणाची चाळ म्हणायचे. आजूबाजूच्या चाळी फूटपट्टीनं आखल्यासारख्या सरळ, आणि ही मधोमध विळीच्या पात्यासारखी वाकलेली. गॅलरीच्या एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसायचं नाही. बायकांनी हाक मारली की वळणावरची कुणीतरी ती झेलून पुढे द्यायची.

"सुभद्रे, तुझ्या सासूक नळावर बोलवतत गे!"

"कोण बोलवता?"

"नळ बोलवता! पाणी जाऊक लागला!"

चाळीच्या खालच्या टोकाला, तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीला लागून काळ्या दगडाच्या पाच पायऱ्या होत्या. त्या खाली उतरायच्या आणि कुठेच पोचायच्या नाहीत. पाचव्या पायरीपुढे हातभर रुंदीचा कोरडा खळगा आणि त्यापलीकडे भिंत. नवख्या माणसाला वाटायचं, गवंडी चुकला असणार. गवंडी चुकलेला नव्हता. त्या पायऱ्यांखाली एकेकाळी नदी होती.

ही गोष्ट मला ठाऊक होती, कारण ती जमीन माझ्या आजोबांची. आम्ही गिरगावातले, ठाकूरद्वारचे. आजोबांच्या वेळी परळकडे आमची वाडी होती, भेंडीची, नारळाची. ती त्यांनी विकली, वडिलांनी उरलंसुरलं विकलं, आणि मी गोदीच्या कचेरीत कारकुनी करून पेन्शनीत निघालो. वाडीचं म्हणून घरात एकच राहिलं होतं, कापडावर डकवलेला एक नकाशा. नदी त्यात निळ्या पाण्याच्या रंगानं काढलेली, आणि कडेनं आजोबांच्या हातची मोडी.

नदी म्हणजे काही मोठी नव्हे. टेकडीच्या पायथ्याला एक झरा, तिथून ती निघायची. आमच्या वाडीच्या कुंपणाला धरून खाली यायची, एका काळ्या खडकाला अडून एकदम डावीकडे वळायची, पाच पायऱ्यांपाशी जरा विसावा घ्यायची आणि मग मिठागरांतून शिवडीच्या बाजूला समुद्राला मिळायची. "आषाढ ते कार्तिक वाहती, पुढे डबकी," असं आजोबांनी लिहून ठेवलं होतं. मग वरच्या अंगाला गिरणी आली. गिरणीनं झऱ्यावर तलाव बांधला. पावसाचं जे पाणी उरलं ते विटांच्या गटारात घालून सरळ खाली सोडलं. सरळ सोडलं, म्हणजे वळण तसंच बाजूला पडलं. काही वर्षं तिथे बेडकं ओरडली, मग तीही गेली. आजोबांनी त्या वळणात गिरणीच्या बॉयलरची राख आणि कोळशाचा चुरा भरून घेतला, वरून मुरूम टाकला आणि 'पक्की जमीन' म्हणून ती विकली. घेणाऱ्यानं नदीच्या पोटात, नदीच्याच आकाराची चाळ बांधली.

वळणाच्या जागी, निळ्या रंगावर, आजोबांची आणखी एक ओळ होती: "येथे गाळ, खोल दोन पुरुष." म्हणजे एकाच्या डोक्यावर एक अशी दोन माणसं उभी करावीत तेवढा.

मी त्या चाळीत जाऊ लागलो तो मात्र जमिनीपायी नव्हे, कीर्तनापायी. ज्येष्ठात गंगादशहरा येतो. नदी गेली तरी चाळीनं नदीचा उत्सव सोडला नव्हता. दहा दिवस पायऱ्यांवर भजन, दहाव्या दिवशी पहिली पाळी सुटली की कीर्तन, आणि आरती झाल्यावर पाचव्या पायरीवरून त्या कोरड्या खळग्यात एक कळशी पाणी ओतायचं. पाणी खळग्यातून दोन-तीन हात धावायचं, खळग्यातल्याच एका काळ्या दगडाला लागून जुन्या नदीसारखं डावीकडे वळायचं आणि चाळीखाली नाहीसं व्हायचं. तेवढ्यासाठी लोक माना उंचावून बघायचे. पोरं ओरडायची, "वळली! वळली!" आणि म्हातारी माणसं हात जोडायची.

कळशी ओतण्याचा मान शेवटच्या खोलीचा. त्या खोलीत जाईबाई राहायच्या. त्यांच्या सासूनं ओतली, सासू गेल्यावर त्यांनी. नवरा गेला त्या वर्षी कुणीतरी कुजबुजलं की आता सवाष्णीनं ओतावी. जाईबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "नदीक काय कुंकू लागता? पाणी लागता. सरका." सगळे सरकले.

कळशी पितळेची, एका बाजूनं चेपलेली. छप्पन साली संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याच्या वाटेवर त्या लोकांना पाणी पाजत उभ्या होत्या, तेव्हा लाठी बसली ती कळशीवर. त्यांचा मुलगा गुणाजी त्या वेळी तीन आठवडे तुरुंगात होता. सुटून आला आणि त्याच्या आईनं त्याला चेपलेली कळशी दाखवली. तो म्हणाला, "कासाराकडे नेऊया." त्या म्हणाल्या, "नको. मुंबय मिळाली काय मग बघू."

एकोणसाठ साली, दशहऱ्याच्या आधी, जाईबाईंनी मला चहा दिला आणि खोलीच्या दारात बसून सांगितलं, "भाऊ, मालक परत कोर्टात गेलो. चाळ पडाक इली म्हणता. मागच्या खेपेक कोर्टान इचारल्यान, पुरावो खय? तेका गावलो नाय. आता माझा एकच मागणा आसा. माका ह्या खोलीतसून चार माणसांनी उचलून न्यावी. चालत जाऊची पाळी येव नये." चाळीस वर्षं त्या खोलीत. सासू तिथे गेली, नवरा तिथे गेला, गुणाजी तिथेच जन्मला. चौकटीवर त्याच्या उंचीच्या खुणा होत्या आणि त्यांच्याही वर, दाराच्या कडेला, रंध्यानं तासल्याची ताजी पांढरी पट्टी. ती मी पाहिली. दार घासतं म्हणून तासलं असेल, एवढंच मनात आलं.

त्या वर्षी कीर्तनाला धोंडोबुवा होते. देवगडकडचे, सावळे, आवाज असा की पखवाजावर थाप पडायच्या आधी अंगावर काटा यावा. त्यांची एक रीत होती. जिथे कीर्तन करायचं त्या जागेची कहाणी आदल्या दिवशी विचारून घ्यायची आणि उत्तररंगात गुंफायची. मला म्हणाले, "शरच्चंद्रराव, तुम्ही जुने. गाव सांगा मला, देव मी सांगतो."

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. आयुष्यभर कीर्तनं ऐकली, पण बुवांच्या झोळीत आपलं काही घालावं हा योग कधी आला नव्हता. घरी जाऊन ट्रंक उपसली. मृणालिनी, माझी पत्नी, दारात उभी राहून बघत होती.

"कशाला काढताय ते?"

"बुवांना हवाय."

"बुवांना नकाशा? कीर्तन करणार आहेत की जमीन मोजणार आहेत?"

"तुला नाही कळायचं."

"मला नाही कळत ते बरंच आहे," ती म्हणाली आणि ट्रंकेचं झाकण आपटून आत गेली.

दहाव्या दिवशी चाळ फुलली होती. वर आभाळ दाटलेलं, वारा पडलेला, गिरणीच्या धुरानं संध्याकाळ लवकर आल्यासारखी. पायऱ्यांवर बुवा, खाली पखवाजी आणि पेटीवाला, गॅलऱ्यांत माणसंच माणसं. पूर्वरंग झाला, नामजप झाला, बुक्का लावून झाला, आणि उत्तररंगात बुवांनी गंगा स्वर्गातून खाली आणली. ती आणता आणता एका झोकात म्हणाले, "अहो, ती लांब नाही गेली. तुमच्या चटईखाली आहे!"

आणि मग त्यांनी माझी नदी सांगितली. झरा सांगितला, कुंपण सांगितलं, काळा खडक सांगितला. बोटानं दाखवत गेले. इथून आली, या दारासमोरून गेली, या खांबाशी वळली. एकेका खोलीचं नाव घेऊन, तुझ्याखाली ती आहे, तुझ्याखाली ती आहे. बायका पदरानं डोळे टिपत होत्या. कधी न पाहिलेली नदी लोकांना दिसत होती. आणि शेवटी चिपळ्या थांबवून, अगदी हळू, त्यांनी तिथल्या तिथे बांधलेली ओळ म्हटली:

दोन पुरुष हा गाळ, वर मांडिला संसार।
तुझ्या आधारावाचून, कोण गंगे देई थार।।

सगळी चाळ ते म्हणू लागली. मीही. 'दोन पुरुष हा गाळ' आम्ही तीनशे माणसांनी टाळ्या वाजवत म्हटलं.

आरती झाली. जाईबाईंनी कळशी ओतली. चेपलेल्या काठामुळे धार तिरकी पडली, तरी पाणी धावलं, वळलं. पोरं ओरडली. पण मला आठवतंय, जाईबाई त्या दिवशी हसल्या नाहीत. रिकामी कळशी छातीशी धरून बुवांकडे बघत राहिल्या.

निघताना एक गृहस्थ माझ्याजवळ आले. चाळीस-बेचाळीसचे, स्वच्छ पांढरा सदरा, कपाळावर बुक्का, डोळे रडून लाल. नाव वीरेंद्र. मालकाकडे इमारतींची देखरेख करतात असं त्यांनी स्वतःच सांगितलं. लपवलं नाही.

"किती सुंदर," ते म्हणाले. "माझी आई कीर्तनाची वेडी होती. आज ती असायला हवी होती. तो नकाशा तुमच्याकडचा?"

"हो. आजोबांचा."

"एकदा बघायला मिळेल? चार दिवस. परत आणून देईन मी स्वतः."

कीर्तनात ज्याच्या डोळ्यांना पाणी येतं तो माणूस आपला, असं मी जन्मभर मानत आलो. माझ्या आईनं मानलं, तिच्या आईनं मानलं. हरिदासापुढे रडणाऱ्याची जात विचारू नये, नोकरीही विचारू नये. नकाशा बुवांकडून घेऊन मी तिथेच, पायऱ्यांवर, त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कपाळाला लावला.

चार दिवसांनी ते खरंच ठाकूरद्वारला आले. नकाशा नीट गुंडाळलेला, वर नवा दोरा. मृणालिनीनं त्यांना पोहे दिले. ते गेल्यावर मी तो उघडला. वळणाभोवती, आजोबांच्या त्या ओळीभोवती, लाल पेन्सिलीचं वर्तुळ होतं.

श्रावणात चाळीत माणसं आली, कुदळी-पहारी घेऊन. त्यांनी इकडेतिकडे खणलं नाही. वळणावर नेमक्या तीन जागी खड्डे घेतले. वर मुरूम निघाला, मग राख, मग कोळशाचा चुरा आणि त्याखाली काळा, चिकट, वासाचा चिखल, शिंपल्यांसकट. लोखंडी सळई खुपसली, ती दोन पुरुषांच्याही खाली गेली. मालकाला हवा असलेला पुरावा जमिनीत होताच. फक्त तो कुठे खणायचा हे त्याला ठाऊक नव्हतं. दिवाळी झाल्यावर निकाल आला. चाळीचा वळणाचा निम्मा भाग धोक्याचा, राहण्यास अयोग्य, मोकळा करावा. बावीस खोल्या.

मी जाईबाईंकडे गेलो तो कबुली द्यायला. वाटेत शब्द जुळवत गेलो होतो. दारात पोचलो तेव्हा सुभद्रा, त्यांची सून, फळीवरची भांडी उतरवत होती. गुणाजी जमिनीवर बसून खिळे उपसत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि परत खिळ्याकडे पाहिलं.

"जाईबाई," मी म्हटलं, "नकाशा मी दिला. त्यांना मी दिला."

"ठावक आसा."

"मला वाटलं तो भक्त माणूस..."

"भक्तच आसा तो. रडलो ता मी बघलंय." त्या ट्रंकेवर बसल्या. "भाऊ, एक सांगतंय, राग मानू नका. गाळ आसा ता आमका ठावक नाय होता काय? दर पावसाळ्याक गुणाजी दार तासता ता काय मजा म्हणान? वळणावरचो खांब किती कललो, तुमी कधी बघलात? माझ्या सासून माका सांगलेला, खाली चिखल आसा, तोंडातसून काढू नको. चाळीस वर्सा नाय काढला. कोणीच नाय काढला. तुमी तो टाळ-मृदंगात घातलात."

गुणाजी खिळ्यावर हातोडी मारत म्हणाला, "आये, पुरे गे."

"पुरे काय? मी भांडतंय काय? बुवा खोटा बोललो नाय. भाऊ पण खोटा नाय बोललो. खरा बोलले म्हणानच तर..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं आणि सुभद्रेला म्हणाल्या, "ती चिनीमातीची बरणी पेपरात गुंडाळ गे. फुटात."

मी उभा होतो. बसा असं कुणी म्हटलं नाही. त्या घरात असं पहिल्यांदाच झालं.

वीरेंद्र मला एकदा ट्रामच्या थांब्यावर भेटले. मी तोंड फिरवणार होतो, पण ते समोरच आले. "तुम्ही माझ्याबद्दल काय समजत असाल ते मला कळतं," ते म्हणाले. "पण मी रडलो ते खोटं नव्हतं. आणि तो गाळही खोटा नव्हता. उद्या चाळ त्यांच्या अंगावर बसली असती तर?" त्यांची ट्राम आली, ते चढले, आणि आतून त्यांनी मला नमस्कार केला.

फाल्गुनात जाईबाई चाळीतून निघाल्या. चार माणसांनी उचलून नाही, चालत. घोडपदेवला गुणाजीच्या चुलतभावाकडे दहा बाय दहाच्या खोलीत आणखी पाच माणसं. निघताना त्यांनी चौकटीवरच्या गुणाजीच्या उंचीच्या खुणांवरून हात फिरवला. मग कळशी कमरेवर घेतली.

मेच्या पहिल्या तारखेला राज्य झालं. संध्याकाळी मी मुद्दाम तिकडे गेलो. सगळं लालबाग पेटल्यासारखं उजळलं होतं, तोरणं, पताका, पेढे, ढोल. ज्यांच्या घरची माणसं गोळीबारात गेली त्यांच्या दारातही दिवे होते. वळणाच्या चाळीचा वरचा सरळ निम्मा भाग दिव्यांनी भरलेला होता. गॅलरीतून दिव्यांची ओळ यायची ती वळणापाशी तुटायची. तिथून पुढे काळोख, दारं काढून नेलेल्या खोल्या, आणि वाऱ्यावर हलणारी कुणाची तरी विसरलेली दोरी. एक म्हातारा मला पेढा देत म्हणाला, "खा शेठ, मुंबई आपली झाली!" मी खाल्ला.

ज्येष्ठ आला. चाळीत उरलेल्यांनी दशहरा केला नाही. कुठे करणार? वळणाचा भाग पाडून झाला होता, त्याचाच दगड-विटांचा ढीग पायऱ्यांवर आणि खळग्यात भरून, वर रोलर फिरवून जमीन सपाट केली होती, आणि भोवती पत्रे मारले होते. धोंडोबुवांना मी पत्र टाकलं होतं. उलट टपाली कार्ड आलं, एका ओळीचं: "यंदा कुठेच आख्यान लावत नाही, फक्त नाम घेतो."

तरी दहाव्या दिवशी, चार वाजता, मी गेलो. सोबत नकाशा घेतला होता. काय करणार होतो त्याचं, मला तेव्हाही नक्की माहीत नव्हतं. पत्र्याजवळ जाईबाई उभ्या होत्या, घोडपदेवहून चालत आलेल्या, कमरेवर चेपलेली कळशी. भरलेली.

"इलात?" त्या म्हणाल्या.

"आलो."

पत्र्यांच्या दोन तुकड्यांमधे फट होती. जाईबाई वाकल्या, पलीकडे कळशी नेली आणि जिथे पाचवी पायरी होती त्या अंदाजानं पाणी ओतलं. धार तिरकी पडली. मी फटीतून बघत होतो. दोन हात, मग काळा दगड, मग डावीकडे. नकाशा माझ्या डोळ्यांपुढे होता.

पाणी कुठेच गेलं नाही. पडलं तिथेच पसरलं, थाळीएवढं, आणि थांबलं.

"खय गेला?" जाईबाईंनी विचारलं. त्यांना वाकून नीट दिसत नव्हतं.

मी म्हणू शकलो असतो, वळलं. त्यांच्या सासूनं आणि त्यांनी चाळीस वर्षं खरं तोंडातून काढलं नाही, तसं मलाही एकदा करता आलं असतं. पण त्या माझ्या तोंडाकडेच बघत होत्या.

"तिथंच आहे," मी म्हटलं.

मग फटीतून हात घालून त्यांनी त्या साचलेल्या पाण्यात बोटं बुडवली आणि डोळ्यांना लावली.

"नकाशो हाडलात मा?" त्या म्हणाल्या. काखेतली गुंडाळी त्यांनी आल्याआल्याच पाहिली असणार. "दाखवा. माझी खोली खय ती तरी बघतंय. कधी बघूकच नाय."

मी रस्त्याच्या कडेला, एका पालथ्या खोक्यावर नकाशा पसरला. झरा दाखवला, टेकडी दाखवली. कुंपण. खडक. लाल वर्तुळावर अंगठा ठेवून मी ते झाकलं आणि वळणाच्या खालच्या टोकाला बोट नेलं. "इथं. या पाच रेघा आहेत ना, त्या पायऱ्या. त्यांच्या शेजारी."

जाईबाईंनी आपलं ओलं बोट तिथं टेकवलं. खोली नव्हती तिथे, चाळ नव्हती. आजोबांच्या हातचा निळा रंग होता. त्यांनी बोट तसंच ठेवलं, बराच वेळ, जशी एखादी आई पोराच्या कपाळावर ताप बघते. मग उचललं. कापडावर फिकट डाग पडला होता, आणि त्यांच्या बोटाच्या टोकाला निळं लागलं होतं.

"अगो बाई," त्या म्हणाल्या, "रंग जुनो तरी सुटता हो."

"असू दे," मी म्हटलं. "असू दे, जाईबाई."

त्यांनी बोट पदराला पुसलं नाही. ते एक बोट वेगळं धरून, बाकीच्या हातानं रिकामी कळशी कमरेवर सावरली. "येतंय भाऊ. सुभद्रा एकटी आसा, नळाची येळ झाली," असं म्हणून त्या घोडपदेवच्या दिशेनं निघाल्या. रस्ता सरळ होता. त्या बराच वेळ दिसत राहिल्या.